वाचकांचे प्रश्न : हॉटेलाला कसला आलाय इतिहास?

प्रश्न : आमच्या बार्शीत एक जुनं लॉज आहे. खाली खानावळ, वर खोल्या. आजोबांच्या काळापासून गावात परका माणूस आला की तिथेच उतरायचा. आता ती इमारत पाडून व्यापारी संकुल होणार आहे. त्याआधी तिचा इतिहास लिहून ठेवावा असं फार वाटतं, पण घरचे म्हणतात, हॉटेलाला कसला आलाय इतिहास? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : घरच्यांना एकदा पुण्याला आणा आणि लक्ष्मी रस्त्यावर सिटी पोस्टाजवळच्या पूना गेस्ट हाउसमध्ये बसवा. मिसळ, थालीपीठ मागवा आणि खाता खाता त्यांना सांगा की ही जागा एका सिनेमावाल्याने सुरू केली. नानासाहेब सरपोतदार हे मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक. १९२७ मध्ये त्यांनी पुण्यात आर्यन फिल्म कंपनी काढली. पुढे ललिता पवार म्हणून देशभर गाजलेल्या अंबूला लहानपणी पडद्यावर त्यांनीच आणलं. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांच्या कंपन्या एकामागून एक मिटत गेल्या. १९३३ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. नट, लेखक, तंत्रज्ञ सगळे या शहरात येऊ लागले होते आणि १९३५ मध्ये सरपोतदारांनी गेस्ट हाउस उघडलं. त्यांच्यामागे चारूकाका सरपोतदारांनी ते चालवलं आणि नाटक-सिनेमातल्या माणसांना ते घरासारखं झालं. त्या काळात नाटकात काम करणाऱ्याला, त्यातून बाईमाणसाला, परगावी खोली मिळणं किती अवघड होतं, हे लक्षात घेतलं तर या एका इमारतीचं मोल कळतं.

तुमच्या लॉजकडेही असंच पाहा. तिथे कोण उतरायचं आणि कशासाठी? बार्शीला याचं उत्तर बहुधा रुळांवर सापडेल. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून तुमच्या गावात आली, १९११ मध्ये लातूरला पोचली. अरुंद रुळांची ही गाडी आली म्हणजे भुसार मालाचे व्यापारी, दलाल, फिरते विक्रेते आले आणि त्यांना रात्रीपुरती पथारी नि गरम जेवण लागायचंच. गाडी किती वाजता यायची, शेवटची किती वाजता सुटायची, हे जुन्या माणसांना विचारा. शेवटची गाडी चुकलेला माणूस हाच लॉजचा खरा गिऱ्हाईक.

कागद तीन ठिकाणी मिळतील. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, त्यात जागेची मालकी कशी बदलत गेली ते दिसतं. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या नोंदींत मजला केव्हा वाढला याचा माग लागू शकतो. आणि मालकाकडे उतारूंची जुनी रजिस्टरं असतील तर ती रद्दीत जाण्याआधी हात जोडून मागून घ्या. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, कामाचं कारण. एवढ्या रकान्यांतून अख्खा बाजार उभा राहतो. उतारूंची नावं मात्र छापू नका. गाव आणि धंदा पुरे.

पण कागदांच्याही आधी, अगदी याच आठवड्यात, आचाऱ्याकडे जा. मालक हिशेब सांगेल, आचारी आणि वाढपी माणसं सांगतील. महिन्याच्या पासावर जेवणारे मेंबर कोण होते? चुलीचा गॅस केव्हा झाला? आठवडी बाजाराच्या दिवशी किती भाकऱ्या लागायच्या? आणि एक अवघड प्रश्न टाळू नका : खोली कुणाला नाकारली जायची, कुणाला आत बसून जेवता येत नव्हतं? आपल्याकडच्या जुन्या खानावळींवर जातीच्या पाट्या असत. तुमच्या लॉजवर तशी पाटी होती का, असली तर ती कधी उतरली, हे लिहिल्याशिवाय तो इतिहास अर्धाच राहील. मला तर हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो सांगणारी माणसं आता थकली आहेत.

पाडापाडी सुरू होण्याआधी जिना, माडी, भटारखाना आणि दर्शनी बाजू यांची मापं घ्या, साधा नकाशा काढा. फोटो भरपूर काढा, पण फोटोत जिन्याची पायरी किती उंच होती ते कळत नाही.

प्रश्न : पुण्यात गुडलक चौक म्हणतात, पण पाटीवर वेगळंच नाव आहे. असं का?
— एक विद्यार्थिनी, डेक्कन

उत्तर : पाटीवरचं नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचं आहे. तोंडातलं नाव कोपऱ्यावरच्या कॅफे गुडलकचं. हुसेन अली याक्षी या इराणी गृहस्थांनी तो १९३५ मध्ये सुरू केला, म्हणजे पूना गेस्ट हाउस आणि गुडलक एकाच वर्षाची. इराण्यांची हॉटेलं पुण्या-मुंबईत कोपऱ्यांवरच का, तर कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती घेत नसत आणि इराण्यांना ती मिळे, असं सांगितलं जातं. दोन रस्त्यांवरून गिऱ्हाईक येतं हा फायदा तर उघडच आहे. फर्ग्युसन कॉलेज जवळ असल्याने बन मस्का आणि चहावर तासन्‌तास बसणारी मुलंही आपसूक मिळाली. गोखले याच फर्ग्युसनमध्ये शिकवत. तेव्हा दोन्ही नावं त्या चौकाला शोभतात. पत्ता सांगताना गुडलक म्हणा, पण पाटीही वाचत जा.