स्नायूंतल्या मूळपेशींना ताण-दाब खरंच कळतो का?

कळतो, आणि चांगलाच. स्नायूतंतूला चिकटून निपचित पडलेल्या, गरज पडली की स्नायू दुरुस्त करणाऱ्या या मूळपेशी, म्हणजे सॅटेलाइट पेशी, शास्त्रज्ञ अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये दाखवल्या. गंमत अशी की प्रयोगशाळेत कडक प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवल्या की त्यांची दुरुस्तीची ताकद लवकर ओसरते. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाउ यांच्या गटाने त्या सुमारे १२ किलोपास्कल कडकपणाच्या, म्हणजे खऱ्या स्नायूइतक्या मऊ जेलवर वाढवल्या. उंदरांच्या स्नायूत परत सोडल्यावर त्या टिकल्या आणि नवे तंतू घडवू लागल्या. फक्त गादी बदलली होती! वयानुसार किंवा व्रणामुळे स्नायू कडक झाला की भरून यायला वेळ लागतो, त्यामागे हेही एक कारण मानतात. दुखापतीनंतर फिजिओ हळूहळू हालचाल सुरू करायला सांगतात ते उगाच नाही. ताज्या फाटलेल्या स्नायूवर मात्र जोरात मालिश नको.