अँड्रॉइड ११ ला टार्गेट केल्यापासून माझा बोलून टाइप करायचा कीबोर्ड 'स्पीच रेकग्निशन उपलब्ध नाही' असं का म्हणतो?

मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती सिस्टिमला देणारी फाइल) क्वेरीज टॅग टाका आणि त्यात रेकग्निशनसर्व्हिसचा, म्हणजे आवाज ओळखणाऱ्या सर्व्हिसचा, इंटेंट (तिला हाक मारायचं नाव) लिहा, बहुतेक तेवढंच राहिलंय. अँड्रॉइड ११ (एपीआय ३०) पासून एका अ‍ॅपला फोनमधली बाकीची अ‍ॅप्स आपोआप दिसत नाहीत, आणि आवाज ओळखणारी सर्व्हिस सहसा वेगळ्याच अ‍ॅपमध्ये असते, त्यामुळे ती फोनमध्ये असूनही तुमच्या कीबोर्डला सापडत नाही. स्पीचरेकग्नायझर, म्हणजे ही सर्व्हिस वापरायचा अँड्रॉइडचा क्लास, त्याच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच हे दिलंय, पण सगळे माइकच्या परमिशनच्या मागे लागतात आणि हे राहून जातं. परमिशनही बघाच म्हणा, कारण बरेच महिने अ‍ॅप न वापरल्यास ११ पासून सिस्टिम ती काढून घेऊ शकते आणि कीबोर्ड ही सर्व्हिस असल्याने तिथून थेट परमिशनचा पॉपअप येत नाही, छोटी अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपची स्क्रीन) उघडून मागावी लागते. मात्र 'उपलब्ध नाही' असा मेसेज न येता नुसतीच शांतता असेल, म्हणजे माइक चालू दिसतोय पण शब्दच उमटत नाहीत, तर कारण वेगळं असू शकतं: अँड्रॉइड १२ पासून क्विक सेटिंग्जमध्ये माइक बंद करायचं बटण आहे, त्याने माइक बंद केलेला असला की अ‍ॅपला कोरा आवाज मिळतो.