घरातलं वाचन, फोनवरचं वाचन: तुमचे प्रश्न

सलाम मंडळी! मागच्या अंकात आपण विचारलं होतं की घरी ख्रिस्ती विश्वासाबद्दल काय वाचता, फोनवर काय ऐकता-बघता आणि कुठे अडता. पत्रं आली, मेसेज तर विचारूच नका. बऱ्याच जणांनी आपली आवडती ठिकाणं कळवली, ती मी उत्तरांमध्येच घातलीयेत, आणि जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढेच या वेळी घेतलेत.

मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ चा, दोघंही इंग्लिश मीडियमला. बायबलच्या गोष्टी त्यांना येतात पण सगळ्या इंग्लिश कार्टूनमधून. चर्चमध्ये मराठीत वचन वाचायला लागले की दोघं इकडेतिकडे बघत बसतात, आजीची प्रार्थनाही त्यांना धड कळत नाही. मुलांसाठी मराठीत काही आहे का?
– एक आई, पुणे

आहे, आणि बरंचसं फुकट आहे. सगळ्यात आधी यूव्हर्जनचं बायबल ॲप घ्या, २००८ पासून आहे, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. त्यात मराठीची एकापेक्षा जास्त भाषांतरं आहेत, बायबल सोसायटीचं जे आपण चर्चमध्ये वाचतो तेही आहे, म्हणजे रविवारी जे वाचणार ते शनिवारी रात्रीच घरी एकदा वाचून घेता येतं. नुसतं एवढं केलं तरी मुलं चर्चमध्ये कान देतात, कारण गोष्ट ओळखीची झालेली असते. ती भाषा मुलांना जड वाटली तर बायबल गेटवे या साइटवर सोप्या मराठीतलं भाषांतर आहे, सुरुवात तिथून करा, मग हळूहळू चर्चच्या भाषांतराकडे या.

काय वाचायचं? मार्कचं शुभवर्तमान. सोळाच अध्याय आहेत आणि भराभर काहीतरी घडत राहतं, लहान मुलांना लांबलचक उपदेशापेक्षा तेच आवडतं. एक वचन आईने, एक मुलीने, एक मुलाने असं फिरवत वाचा, सात वर्षांचा अडखळला तर अडखळू दे, मध्येच दुरुस्त करत बसू नका. त्यानंतर लूकचा पंधरावा अध्याय, हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा, तिन्ही एकाच बैठकीत.

धाकट्यासाठी बायबल फॉर चिल्ड्रन नावाची साइट आहे, तिथे उत्पत्तीपासून स्वर्गापर्यंत ६० गोष्टी आहेत, मराठीतही, चित्रांसकट. पीडीएफ उतरवा, झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढा, स्टेपल मारा आणि मुलाच्या हातात द्या. मला स्वतःला मुलांच्या हातात कागद असलेला जास्त आवडतो, कारण स्क्रीनवर गोष्ट संपली की पुढचं काहीतरी आपोआप सुरू होतं आणि वाचलेलं तिथेच राहतं.

येशूवरचा १९७९ चा जो सिनेमा गावोगावी पडद्यावर दाखवायचे तो मराठी डबिंगमध्ये जीझस फिल्मच्या ॲपवर आहे. लूकच्या शुभवर्तमानावरून केलाय. पण वधस्तंभाचा भाग सात वर्षांच्या मुलाला एकट्याने बघू देऊ नका, शेजारी बसा, नाहीतर तिथे थांबवा आणि पुढचं तुम्ही तोंडी सांगा. मोठ्या मुलीसाठी बायबलप्रोजेक्टचे व्हिडिओ बघा, अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या दोघा मित्रांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं काम आहे, बायबलच्या एकेका पुस्तकाचा आराखडा चित्रं काढत काढत समजावतात, इंग्लिशबरोबर हिंदीतही आहे. मी स्वतः संडे स्कूलच्या तयारीसाठी नेहमी बघते. फक्त क्रम असा ठेवा, आधी मराठीत वाचायचं आणि मग व्हिडिओ.

आणि आजी घरात आहे हे तुमच्याकडे असलेलं सगळ्यात मोठं धन आहे बघा. तिला सांगा रात्रीची प्रार्थना सावकाश करा, एकेक ओळ, मुलं मागून म्हणतील. प्रभूची प्रार्थना, स्तोत्र २३ आणि स्तोत्र १२१ एवढं आजीकडून मराठीत पाठ झालं तर ते कुठल्याही ॲपपेक्षा जास्त दिवस टिकेल.

वय ७४. रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई यांचं तरुणपणी वाचलं होतं, पुस्तकं घर बदलताना गेली. आता नातू मेलबर्नला आहे, त्याला मराठी वाचता येतं पण हळू. हे सगळं नेटवर मिळतं का, आणि असं फुकट घेणं बरोबर आहे का?
– एक आजोबा, नगर

काका, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते कारण तो तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं. टिळक गेले १९१९ ला, पंडिता रमाबाई १९२२ ला, लक्ष्मीबाई १९३६ ला. म्हणजे तिघांचं मूळ लिखाण निर्धास्त घ्या. नव्या आवृत्तीतल्या आजच्या संपादकांच्या प्रस्तावना, टिपा वगैरे मात्र मोकळ्या नसतात, त्या हव्या असतील तर पुस्तक विकत घ्यावं.

इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या साइटवर जाऊन देवनागरीत ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राचं नाव टाइप करा, स्कॅन केलेल्या प्रती मिळतील. एक उघडून पानं वाकडी किंवा पुसट वाटली तर दुसरी बघा. फोनवर डोळ्यांना त्रास होईल, टॅबवर उघडा म्हणजे अक्षर मोठं करता येतं. १९३४ पासून भागाभागाने निघालेलं हे पुस्तक, शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेलं, आणि आजही कुठलंही पान काढलं तरी हसू येतं नाहीतर घशात आवंढा येतो. नातवाला पहिल्यापासून वाच म्हणू नका. व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोन पानं वाचून दाखवा, त्याच्यासमोर तीच पीडीएफ उघडी असू दे, तो नजरेने मागे मागे येईल, वाचनाचा वेग त्यातूनच वाढतो. टिळक कधी घर सोडून निघतील आणि कधी घरातलं कोणाला देऊन टाकतील याचा नेम नाही, आणि लक्ष्मीबाई ते सगळं निभावतायत, मेलबर्नच्या पोराला याहून जिवंत मराठी संसार कुठे बघायला मिळणार?

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, हे नातवाला जरूर सांगा. नवऱ्याचं महाकाव्य बायकोने पुरं करायचं ही काय साधी गोष्ट आहे?

रमाबाईंचं म्हणाल तर त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचून कळावं म्हणून. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर भाषांतराचं काम होत आलं होतं, आणि पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर पडलं. छपाई रमाबाईंनीच काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, मुक्तीतल्याच बायका-मुलींच्या हातून. नातू सुट्टीत आला की त्याला केडगावला घेऊन जा, पुणे-दौंड लाइनवरच आहे. आणि नगरलाच राहता तर घरात ‘ज्ञानोदय’चा विषय काढा, १८४२ साली तुमच्याच गावात सुरू झालेलं ख्रिस्ती नियतकालिक आहे ते, किती घरांत हे नव्या पिढीला माहीत असतं?

मी हिंदू घरातून आले, लग्नाला दोन वर्षं झाली. सासरचे चांगले आहेत, जबरदस्ती कुणी करत नाही. पण त्यांचा विश्वास समजून घ्यावासा वाटतो आणि नेटवर शोधलं की सगळं ‘आजच निर्णय घ्या’ अशा भाषेत असतं. मला शांतपणे वाचता येईल असं काही सांगाल?
– कोल्हापूर

किती छान लिहिलंयत तुम्ही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ बघा, राजहंसने काढलंय. आजच्या मराठीत आहे आणि सोबत त्या काळाची, त्या भूमीची माहिती देतात, त्यामुळे नव्या वाचकाला दारात अडखळायला होत नाही. उस्मानाबादला २०२० मध्ये झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, म्हणजे मराठी वाचकाशी कसं बोलायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जाड ग्रंथ आहे, विकत घेण्याआधी लायब्ररीत विचारा.

मग टिळकांचे अभंग वाचा. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, आणि त्यांच्या रचना वाचताना ते खरंच जाणवतं. तुम्ही ज्या घरात वाढलात तिथली गोडी सोडून इथे यावं लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ही आहे, १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, एका इंग्रज पाद्रीने मराठीत रचलेल्या! भाषा जुनी आहे म्हणून सलग वाचायला जाऊ नका. नेटवर जी १९०७ ची मंगळूरची प्रत मिळते ती रोमन लिपीत आहे, तुम्हाला देवनागरीतली हवी असेल तर पुण्यात १९५६ ला निघालेली आवृत्ती जुन्या लायब्ररीत विचारून बघा.

वरच्या काकांना सांगितलेलं ‘स्मृतिचित्रे’ तुम्हीही वाचाच. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या, मध्ये ताटातूट झाली, हाल झाले, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, त्यांच्या मनाने ठरवल्यावर. पाच वर्षं. हे मी तुमच्या सासूबाईंसाठीही लिहितेय, त्या हा अंक वाचत असतील तर. सून प्रश्न विचारतेय ना, मग उत्तर द्यायचं, येत नसेल तर दोघींनी मिळून शोधायचं, आणि तिने पुढे काय करावं ते तिच्यावर सोडायचं. शिवाय तुमच्या मिस्टरांना बरोबर वाचायला बसवा, बऱ्याचदा जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्यांचंच वाचन कमी असतं.

वडील दिवसभर व्हॉट्सॲपवर आलेले भविष्यवाणीचे आणि आजार बरे करण्याचे व्हिडिओ बघतात, दोनदा पैसेही पाठवले. आम्ही कॅथलिक. काय बघावं, काय नाही हे कसं सांगू?
– वसई

वडिलांना ‘बघू नका’ म्हणालात तर ते लपून बघतील. दोन प्रश्न मात्र रोज त्यांच्यासमोर ठेवा. हा माणूस कुठल्या चर्चचा, कोणाला जबाबदार आहे? आणि प्रार्थनेच्या शेजारी क्यूआर कोड का आहे? औषध बंद करा असं सुचवणारा कुणीही असला तरी तो व्हिडिओ तिथेच बंद, यात मी अजिबात मागेपुढे बघणार नाही, शुगर-बीपीच्या गोळ्या चालूच राहिल्या पाहिजेत. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात बिरुया गावातले लोक आहेत, ते साक्षात पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात तपासून बघत होते आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. हा भाग वडिलांबरोबर वाचा, बाकीचं बोलणं सोपं होईल.

अजून एक. मराठीत बायबलचा प्रश्न टाइप केला की यहोवाचे साक्षीदार या पंथाची साइट पटकन वर येते. मराठी स्वच्छ आहे, मांडणी नेटकी आहे, पण ते त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत आणि त्यांचं भाषांतरही वेगळं आहे, वाचणाऱ्याला हे आधी ठाऊक असावं. गॉट क्वेश्चन्स या साइटवरही मराठी उत्तरं आहेत, ती इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट बाजूने लिहिलेली, तेव्हा संतांबद्दल, मिस्साबद्दल तुमच्या चर्चची शिकवण तिथे शोधू नका. तुमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, म्हणून बायबल सोसायटीच्या नेहमीच्या मराठी प्रतीत टोबित किंवा मक्काबी ही तुमच्याकडची जास्तीची पुस्तकं सापडली नाहीत तर ॲप बिघडलंय असं समजू नका. वडिलांच्या हातात रोज काहीतरी द्यायचंच असेल तर ‘सुवार्ता’ आणि ‘निरोप्या’ या कॅथलिक मासिकांचे जुने अंक पॅरिशमध्ये मागून बघा. ‘निरोप्या’ तर १९०३ पासूनचा, कुणा ना कुणाच्या माळ्यावर गठ्ठा असतोच.

इथे दोहात आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं शुक्रवारी जमतो. ‘उपासना संगीत’चं पुस्तक आहे पण निम्म्या गीतांच्या चाली कुणालाच येत नाहीत. कुठे ऐकायला मिळतील?
– दोहा

यूट्यूबवर गीताची पहिली ओळ देवनागरीत टाकून शोधा, लोकप्रिय गीतं सापडतील, टिळकांची तर बरीच. पण एकाच गीताच्या नगरला, मिरजेला आणि मुंबईला वेगवेगळ्या चाली म्हणतात, आणि जुन्या चाली खूपशा लोकांच्या गळ्यातच आहेत, नेटवर आलेल्याच नाहीत. तेव्हा तुमच्यापैकी जो पुढच्या सुट्टीत गावी जाईल त्याच्याकडे न येणाऱ्या गीतांची यादी द्या. मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका, जुने पेटीवाले, यांच्यासमोर पुस्तक ठेवायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं, पेटी-तबल्यासकट जमलं तर उत्तम, नाहीतर नुसता आवाज. फाइलच्या नावात गीताचा नंबर, पहिली ओळ आणि गावाचं नाव लिहा. आणि त्यांची परवानगी असेल तर आम्हालाही पाठवा, पुढच्या महिन्यात याच पानावर इतर वाचकांना त्या कशा देता येतील ते बघते.