ह्यूस्टनला झोनिंग नाही, मग घर घेताना काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा: बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या डिझाइन ऑफिसातून अमेरिकेत, टेक्ससमधल्या ह्यूस्टनला बदली होतेय, सोबत बायको आणि मुलगी. तिथे झोनिंगचा, म्हणजे कुठे घरं आणि कुठे दुकानं-कारखाने हे ठरवणारा कायदाच नाही म्हणतात. मग घर घेतल्यावर शेजारी गॅरेज, बार किंवा टॉवर उभा राहिला तर कुणाकडे जायचं?

ऐकलंत ते खरं आहे. 1948, 1962 आणि 1993, तीन वेळा मतदान झालं आणि तिन्ही वेळा लोकांनी झोनिंग नाकारलं. बडोद्याच्या माणसाला मात्र यातून चुकीचं चित्र दिसतं. आपल्याकडे वुडाचा (नगरविकास प्राधिकरणाचा) डीपी म्हणजे विकास आराखडा, टीपी म्हणजे नगररचना स्कीम, बिगरशेतीचं एनए, बांधकाम परवानगीची रजाचिठ्ठी, शेवटी वापर परवान्याचं बीयू. सगळं सरकारी टेबलावरून येतं. ह्यूस्टनमध्ये प्लॉटवर घरच बांधायचं की दुकान चालेल, हे बहुतेक वेळा मूळ बिल्डरने नोंदवून ठेवलेल्या ‘डीड रिस्ट्रिक्शन’मध्ये, म्हणजे जमिनीच्या कागदातल्या बंधनांत लिहिलेलं असतं. दोन गल्ल्या सोडल्या की कागद वेगळा, नियम वेगळा. पालिका रस्त्यापासूनचं अंतर, पार्किंग, प्लॉटचा किमान आकार असल्या गोष्टी बघते.

म्हणून घर आवडलं की पहिलं काम हा कागद मिळवणं. तो काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) क्लार्ककडे नोंदलेला असतो, आणि सौदा सुरू झाल्यावर मालकी हक्क तपासणारी टायटल कंपनी जो अहवाल देते त्याच्या ‘शेड्यूल बी’मध्ये त्याचा उल्लेख येतो. एजंट म्हणेल, सगळीकडे असतंच, नॉर्मल आहे. तरी स्वतः वाचा. चार गोष्टी शोधायच्या. वापर फक्त निवासी आहे का? एका प्लॉटवर एकच घर, असं स्पष्ट लिहिलंय का? मुदत कधी संपते आणि पुढे ती आपोआप वाढते का? (जुन्या वस्त्यांत 25-30 वर्षांची मुदत केव्हाच संपलेली आणि कुणी नूतनीकरण केलेलं नाही, असंही सापडतं.) आणि चौथी, नियम मोडला तर दावा कोण लावणार: एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, की शेजाऱ्यांनी आपले आपण?

ह्यूस्टनची एक खासियत अशी की वापर, बांधकामाची रेषा, प्लॉटचा आकार असल्या मुद्द्यांवर पालिकेचं विधी खातं स्वतः रहिवाशांच्या बाजूने दावा लावू शकतं. कुंपणाच्या रंगासाठी ते येणार नाही. पण उशीर चालत नाही. टेक्ससमध्ये अशा दाव्याला चार वर्षांची मुदत आहे. शेजाऱ्याने घरात सलून उघडलं आणि ‘जाऊ दे, कशाला वाकडं घ्या’ म्हणून गल्ली गप्प बसली, तर पुढे तो नियम सोडून दिल्याचा बचाव समोरच्याला मिळतो.

आणि कागद फक्त स्वतःच्या प्लॉटचा वाचून भागत नाही. राइस युनिव्हर्सिटीजवळ बिसोनेट रस्त्यावरच्या टॉवरविरुद्ध 2007 पासून एका सधन वस्तीने वर्षानुवर्षं लढा दिला. अंगणाअंगणात पाट्या लागल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. मजले थोडे कमी झाले, पण टॉवर झालाच, कारण त्या तुकड्यावर वस्तीचं बंधन नव्हतं. तेव्हा घराच्या मागचा, समोरचा आणि कोपऱ्यावरचा प्लॉट कोणत्या कागदाखाली येतो तेही विचारा. वस्तीच्या कडेचं, मोठ्या रस्त्याला पाठ लावून असलेलं घर स्वस्त का, याचं उत्तर बहुधा तिथेच मिळतं.

तिथले लोक याबद्दल काय म्हणतात, हे ते कुठे राहतात त्यावर आहे. शहराच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या 610 लूप या रिंगरोडच्या आत 1998 मध्ये प्लॉटचा किमान आकार 5,000 वरून 1,400 चौरस फुटांवर आला, 2013 मध्ये ही सोय शहरभर झाली. त्यामुळे जुना एकमजली बंगला पाडून तिथे तीन मजली टाउनहाउस, खाली गॅरेज, असं सर्रास होतं. तरुण जोडप्यांना ते पटतं: कामाजवळ, आवाक्यातलं घर मिळतं, कोपऱ्यावर कॉफी आणि टाको. शेजारचे जुने रहिवासी वैतागतात, कारण गाड्या रस्त्यावर येतात आणि काँक्रीट वाढलं की पावसाचं पाणी त्यांच्या अंगणाकडे वळतं. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, आणि कडक झोनिंगच्या शहरांपेक्षा इथे घरं परवडतात त्यात या मोकळिकीचा हात आहेच. पण त्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. पूर्वेला शिप चॅनल या जहाजांच्या जलमार्गाकडच्या गरीब वस्त्यांत घरांना लागून भंगाराचे यार्ड आणि टाक्या आहेत. जानेवारी 2020 मध्ये वायव्य भागात एका कारखान्यात पहाटे वायूचा स्फोट झाला आणि आजूबाजूच्या घरांची छतं, खिडक्या उडाल्या. तुम्ही स्वतः प्रोसेस प्लांटच्या डिझाइनमधले. गूगल नकाशावर उपग्रह चित्र लावून मैलभर परिसर बघा, टाक्या तुम्हाला लगेच ओळखू येतील.

झोनिंगचाच ध्यास असेल तर बेलेअर, वेस्ट युनिव्हर्सिटी प्लेस, शुगर लँड, पेअरलँड ही वेगळी शहरं आहेत आणि त्यांना स्वतःचं झोनिंग आहे. मात्र पत्त्यात ‘केटी’ लिहिलं म्हणजे घर केटी शहरात असतंच असं नाही. बऱ्याचदा ते कुठल्याच शहराच्या हद्दीत नसतं, आणि टेक्ससमध्ये काउंटीला झोनिंगचा अधिकार नाही. तिथे एचओए आणि मड, म्हणजे पाणी-गटाराचा स्वतंत्र जिल्हा. त्याचा कर वेगळा. घरपट्टीचा एकूण दर घराच्या किमतीच्या जुन्या भागात 2 टक्क्यांच्या आसपास, नव्या मडमध्ये 3 टक्क्यांपर्यंतही जातो. साडेतीन लाख डॉलरच्या घरावर सवलती धरण्याआधी हा फरक वर्षाला 3,500 डॉलर पडतो. विकणाऱ्याच्या कराच्या बिलावर हिशोब करू नका. त्याला राहत्या घराची करपात्र किंमत वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त न वाढण्याची मर्यादा किंवा ज्येष्ठांची सूट असू शकते. ती त्याच्याबरोबर जाते आणि पुढच्या वर्षी आकडा उडी मारतो.

शेजाऱ्यापेक्षा पाण्याची काळजी मात्र जास्त करा. बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटवावं लागणार नाही. 2017 च्या हार्वे वादळात ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत दीड लाखांहून जास्त घरं बुडाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक 100 वर्षांच्या पूररेषेबाहेर (दर वर्षी 1 टक्का शक्यतेच्या पुराच्या हद्दीबाहेर) होती. पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर हे पूर अडवण्याचे तलाव एरवी कोरडे असतात, आणि ते भरले की पाणी जिथे पसरतं त्या जमिनीवरही वसाहती झाल्यात. विक्रेत्याच्या डिस्क्लोजरमध्ये, म्हणजे घराबद्दलच्या लेखी माहितीत, पूर आणि ‘फ्लड पूल’चे (तलावाचं पाणी पसरण्याच्या जागेचे) रकाने असतात, ते रिकामे सोडू देऊ नका. एलिव्हेशन सर्टिफिकेट मागा. जोत्याची उंची पूरपातळीपेक्षा किती वर आहे ते त्यात कळतं. सप्टेंबर 2018 नंतरच्या नव्या बांधकामाला शहरातल्या पूरक्षेत्रात 500 वर्षांच्या पूरपातळीहून 2 फूट वर असण्याचा नियम लागू आहे.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविम्यात इमारतीला जास्तीत जास्त 2,50,000 आणि सामानाला 1,00,000 डॉलर मिळतात. एरवी तो घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळ गल्फमध्ये दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. विक्रेत्याची पॉलिसी चालू असेल तर ती आपल्या नावावर करता येते का ते विचारा, हप्ता कमी पडू शकतो.

पहिलं वर्ष भाड्याने राहा. भाड्याच्या घरात मागच्या पाच वर्षांत पाणी शिरलं असेल तर 2022 पासून मालकाने ते लेखी सांगणं बंधनकारक आहे; तो कागद मागून घ्या. त्या वर्षात आवडलेली गल्ली शुक्रवारी रात्री दहाला आणि मोठा पाऊस थांबल्यावर तासाभरात, अशी दोनदा तरी बघा. मग ऑफर द्याल तेव्हा ऑप्शन पीरियड दहा दिवसांचा मागा. दोनचारशे डॉलर जातील, पण त्या मुदतीत कारण न देता माघार घेता येते. टायटलचा अहवाल आणि रिस्ट्रिक्शनचे कागद पहिल्या दिवशीच मागवा. ते आठव्या दिवशी हातात आले तर वाचायला वेळ उरत नाही.