हर्निया म्हणून सांगू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी निघताना तू जिन्यात चपला घालत थांबलीस आणि अगदी हळू विचारलंस, "मावशी, वजन उतरवायचं ऑपरेशन सगळ्यांना हर्नियाचं म्हणून सांगायचं ठरलंय. चालेल ना?" तुझी आई दोन पायऱ्या खाली उभी होती, म्हणून मी नुसती मान हलवली. ती मान होकाराची नव्हती. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर बोलले असते तर चिडले असते, म्हणून लिहायला बसले.

"आहेस तशी छान आहेस" वगैरे मी लिहिणार नाही. रात्री नाकावर मशीनचा मास्क लावून झोपणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला त्याचा काय उपयोग? तुझी फाइल मी नीट वाचली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०४, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, ४०.६, झोपेत श्वास अडकवणारा स्लीप अ‍ॅप्निया, पाळी अनियमित करणारा पीसीओडी, बीपीची गोळी सुरू. ऑपरेशन करावं का, असं विचारशील तर मला करण्यासारखं वाटतं. मी स्वतः केलंय आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण चोरून करणार असशील तर करू नकोस. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

तुझे बाबा म्हणतात, रोज तळजाई टेकडीला दोन चकरा मार, वजन कसं उतरत नाही ते बघू. बाबा स्वतः अंगाने काडी आहेत आणि पंधरा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेतायत. हे कसं, ते त्यांना एकदा विचार. आपल्याच पुण्यातल्या, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यावर आयुष्य घातलंय. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. कुणाच्या अंगात काय साठतं ते काट्यालाही दिसत नाही, मग ते बाबांना तुझ्या आळसात कसं दिसतं? स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर स्थूल माणसांचा पाठपुरावा केला गेला. निम्म्यांचं ऑपरेशन झालं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार आणि सल्ले. पंधरा वर्षांपर्यंत बघितलं, तर सल्ल्यांवर राहिलेल्यांचं सरासरी वजन दोन टक्केसुद्धा हललं नव्हतं. ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूही कमी होते. चालणं सोडू नकोस, ते पुढे लागणारच आहे. पण आजवर उतरलं नाही हा तुझा गुन्हा नाही, आणि जो गुन्हा नाही तो लपवायचा कशाला?

आता माझं सांगते. तुझ्या आईलाही हे मी गेल्या वर्षीच सांगितलं.

२०१२ साली मी ४४ वर्षांची होते, वजन ११२ किलो, साखर कशालाच दाद देत नव्हती. स्लीव्ह केलं. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी उरते. भुकेचं एक संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. कापलेलं परत जोडता येत नाही, हेही लक्षात घे. हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूबाई, बँक, शेजारी, सगळ्यांना सांगितलं की पित्ताशयात खडे झाले होते म्हणून पित्ताशय काढलं. पोटावर पाच बारीक टाके, कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

मग डब्याची वेळ आली. आम्ही पाचजणी एकत्र जेवायचो, एकमेकींच्या डब्यातलं वाढून घ्यायचो. मला तेव्हा अर्धी वाटी वरण जायला वीस मिनिटं लागायची. घाईने एक घास जास्त गेला की तो छातीच्या मध्ये अडकायचा, तोंडात फेसासारखी लाळ यायची आणि बेसिन गाठावं लागायचं. म्हणून मी उपास धरले. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेले दोन दिवस पोट बिघडलेलं. देवाच्या नावावर वर्षभर खोटं बोलले आणि बायका मला नमस्कार करून जायच्या. ते अजून बोचतं.

त्याहून बोचतं ते दुसरंच. आमच्या शाखेत एक मैत्रीण होती, माझ्याहून जाड, गुडघे गेलेले. माझं वजन भराभर उतरलेलं बघून तिने विचारलं, "काय केलंस गं?" मी म्हणाले, "रोज तळजाईला चालते आणि रात्रीचं जेवण बंद केलंय." ती सहा महिने गुडघ्याला पट्टा बांधून तळजाई चढली. चार किलो उतरले, पाच चढले. एकदा हात धुताना आरशात बघत म्हणाली, "माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुझी जिद्द नाही माझ्यात." मी नळ बंद केला आणि काउंटरवर जाऊन बसले. गेल्या वर्षी तिला फोन करून खरं सांगितलं. बराच वेळ ती बोललीच नाही. मग विचारलं, "किती खर्च आला होता?" म्हटलं, साडेतीन लाख. "तेवढे होते तेव्हा माझ्याकडे," एवढंच म्हणाली.

म्हणून म्हणते, चोरून करणार असशील तर करू नकोस.

तुला वाटेल, मनाला लागण्यापलीकडे यात काय बिघडतं? ऐक. वजन वेगाने उतरलं की पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिले सहा महिने त्यावर गोळी देतात. ती गोळी, बी-१२, लोह, कॅल्शियम, सगळं मी रव्याच्या डब्यामागे लपवायचे. सासूबाई स्वयंपाकघरात असल्या की राहून जायचं, पाहुणे आले की आठवडा आठवडा राहायचं. नवव्या महिन्यात रात्री दोन वाजता उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी पलंगाची कड धरून बसले. नवरा ऑडिटला कोल्हापुरात. सासूबाईंनी शेजारच्या डॉक्टरांना उठवून आणलं. त्यांनी नेमकं तिथेच दाबलं आणि विचारलं, "पित्ताशयाचा काही त्रास?" सासूबाई म्हणाल्या, "ते तर गेल्या वर्षीच काढलंय." मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी गॅसचं समजून इंजेक्शन दिलं. त्यांचा काडीचाही दोष नाही, मी त्यांना खोटं ऐकू दिलं. सकाळी ताप चढला तेव्हा नवऱ्याला फोन लावला. आठ दिवस दवाखान्यात काढले आणि पित्ताशय खरोखर काढावं लागलं.

भरती करून घेताना नर्सने विचारलं, आधीची ऑपरेशन्स कोणती? सासूबाई शेजारच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सांगावंच लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात मुगाचं कढण गाळून घेऊन आल्या, वाटीत ओतलं, चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "किती चालतं तुला आता, तेवढं सांग." त्यानंतर त्या जाईपर्यंत माझं ताट त्यांनीच सांभाळलं. पाहुण्यांनी आग्रह केला की "तिला नको, तिचं झालं" असं त्याच म्हणायच्या. या बाईला मी वर्षभर घाबरले होते.

मी का लपवलं, तेही तुला सांगितलं पाहिजे, नाहीतर मावशी भित्री होती असं समजशील. मी भित्री नव्हते. २०१२ साली आपल्याकडे या ऑपरेशनचं नाव घेतलं की लोक म्हणायचे, पैसे फेकून बारीक झाली. माझं प्रमोशन तोंडावर होतं. घरात सासूबाईंच्या हातच्या स्वयंपाकाला नको म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. आणि वीस वर्षं माझ्या जाडीवर जो तो बोलत आला होता, निदान बारीक होण्यावर तरी कुणी बोलू नये, एवढीच माझी इच्छा होती. ती चूक होती असं मला अजूनही पूर्णपणे म्हणवत नाही. पण ती इच्छा मला त्या रात्री पलंगाच्या कडेपाशी घेऊन गेली, हेही खरं.

सगळ्या हिंजवडीला सांगत सुट, असं मी म्हणत नाहीये. रिक्षावाल्याला, सोसायटीच्या ग्रुपवर सांगायची गरज नाही. पण ज्यांच्याबरोबर रोज जेवतेस आणि दुखलंखुपलं तर जे तुला गोळी देतात, त्यांना माहीत हवं. स्लीव्हऐवजी दुसरं ऑपरेशन असतं ते जठराचा बायपास, त्यात अन्न जठराचा मोठा भाग टाळून आतड्यात जातं; तो बायपास झालेल्या माणसाला पाठ दुखते म्हणून कुणी प्रेमाने ब्रुफेन दिली तर आत अल्सर होऊ शकतो. गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात आणि दरवर्षी रक्त तपासायचं असतं. जन्मभर लपवणार आहेस का? आणि कंपनीच्या विम्यातून करायचं असेल तर कागदावर हर्निया लिहिता येत नाही. विम्याच्या नियमात बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार. तू त्यात बसतेस. खरं सांगून पैसे मिळतायत, मग खोटं कशासाठी?

आता आईचा मुद्दा. डिसेंबरात ऑपरेशन, वर्षभराने नवे फोटो, मग स्थळं बघायची, कुणाला कळायला नको. तुझ्या आईवर माझा जीव आहे, पण या बाबतीत तिचं साफ चुकतंय. वजन उतरलं की पीसीओडीत पाळी नियमित होऊ लागते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. डॉक्टर मात्र ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, कारण त्या काळात तुझ्याच अंगाला पुरेसं मिळत नसतं. पुढे दिवस राहिले की साखर बघायला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात. बायपासनंतर ते प्यायलं की घाम, धडधड, चक्कर. तिथे बरोबर आलेल्या नवऱ्याला काही माहीतच नसेल तर तू काय सांगणार, हर्निया? ज्या मुलाला हे सांगता येत नाही त्याच्याबरोबर तीस वर्षं एका टेबलावर जेवायला बसणार आहेस.

बाकीचं भराभर सांगते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, फणी भरून येतील. प्रोटीन नीट घेतलंस तर बहुतेक परत येतात. पोटाची, दंडाची कातडी लोंबेल. माझं वजन ११२ वरून ६९ वर आलं आणि आता ८२ आहे. साखरेच्या सगळ्या गोळ्या सुटल्या होत्या, नऊ वर्षांनी एक परत लागली. दोन उश्या घेतल्याशिवाय झोपता येत नाही, आंबट वर येतं. तुझ्या फाइलमध्ये अ‍ॅसिडिटीचा उल्लेख आहे, म्हणून स्लीव्ह की बायपास हे सर्जनला खोदून खोदून विचार. स्लीव्हने अ‍ॅसिडिटी वाढू शकते. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, कारण लवकर उरकून घरी जायची घाई होती.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचंही विचारलंस. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, जूनमध्ये वेगोव्ही. वजन चांगलं उतरतं, बंद केलं की बरंचसं परत येतं. ऑपरेशनआधी तो रस्ता बघायचा असेल तर जरूर बघ, डॉक्टरांशी बोल. पण तेही फ्रिजमध्ये भाजीच्या पिशवीआड लपवून ठेवणार असशील तर करू नकोस.

शनिवारी तुझी एन्डोस्कोपी आहे. मी येते. सात वाजता स्वारगेटला मेट्रो स्टेशनच्या दारापाशी उभी राहीन, तिथून रिक्षा करू. उपाशीपोटी ये, पाणीसुद्धा नाही. आईलाही घेऊन ये. तिच्याशी तूच बोलायचंस, मी शेजारी बसेन, मध्ये तोंड घालणार नाही. आणि गेल्या वर्षीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलमध्ये दिसला नाही. कपाटात असेल तर शोधून आण, पित्ताशयाबद्दल काय लिहिलंय ते मला बघायचंय.

तुझी,
मावशी