काकांचं ‘खरं’ औषध आणि आईचं ‘हलकं’?

प्रश्न: सिस्टर नमस्कार. आई ५८ वर्षांची, अंडाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, आता दर तीन आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, सहापैकी दोन केमो झाल्या. डोंबिवलीच्या काकांना जिभेच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) चालू असताना सिसप्लॅटिन दिलेलं, ते म्हणतात खरं औषध तेच, कार्बो म्हणजे पाणी घातलेलं. त्यात पहिल्या वेळी आईला कार्बो ४५० मिलिग्रॅम दिलं, दुसऱ्या वेळी ४१५च, उरलेलं सिस्टरने माझ्यासमोर टाकून दिलं, आणि बाटली मी मेडिकलमधून पूर्ण पैसे देऊन आणलेली. फसवतायत का? – एक वाचक, कळवा

उत्तर: नाही हो. आधी ते ४१५चं सांगते, कारण मी केमोच्या डे-केअर वॉर्डला होते तेव्हा यावरून आमच्याशी लोक कितीदा भांडलेत!

सिसप्लॅटिनचा डोस उंची-वजनावरून काढतात, कार्बोचा किडनीवरून, कारण ते बहुतेक सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं. किडनी किती गाळते तो आकडा म्हणजे जीएफआर, त्यात २५ मिळवायचे आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या आकड्याने गुणायचं, बहुतेक ५ किंवा ६. आता तुमचंच बघा, ६५ अधिक २५ म्हणजे ९०, गुणिले ५, झाले ४५०. पुढच्या वेळी क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) जरा वाढलं किंवा आईचं वजन उतरलं आणि जीएफआर ५८ आला की ८३ गुणिले ५, बरोबर ४१५. बाटली होती ४५०ची, उरले ३५, म्हणजे साडेतीन एमएल. जीव चुटपुटतो, कळतं मला, पण जास्तीचं चढवलं असतं तर प्लेटलेट धाडकन खाली आले असते.

आता काका. दोन्ही औषधं प्लॅटिनमचीच, सिसप्लॅटिनला अमेरिकेत १९७८ला परवानगी मिळाली, कार्बोला १९८९ला, म्हणजे थोरला-धाकटा भाऊ म्हणा. पण भारी कोण हे कॅन्सर कुठला त्यावर आहे. वृषणाच्या कॅन्सरमध्ये सिसप्लॅटिनच सरस, शेकासोबत तोंडा-घशाच्या कॅन्सरलाही पहिली पसंती त्यालाच, त्यामुळे काकांना दिलं ते योग्यच. अंडाशयाचं मात्र वेगळं आहे, २००३मध्ये अमेरिकेतला जवळपास ८०० बायकांचा अभ्यास छापून आला, दोन्हीकडे जोडीला पॅक्लिटॅक्सेल होतं, आणि कार्बोवाल्या बायका कुठेही मागे पडल्या नाहीत, त्रास उलट कमी. म्हणून आईला कार्बो. स्वस्त-महागाचा इथे संबंधच नाही.

सिसप्लॅटिनच्या दिवशी आम्ही सलाईनवर सलाईन लावायचो, त्यात मॅग्नेशियम-पोटॅशियम, लघवी मोजायची, सगळं किडनी वाचवायला, आणि उलट्या तर विचारू नका. कार्बोला एवढा तामझाम लागत नाही.

पण ते हलकं समजून गाफील राहू नका. ते रक्ताचे काउंट पाडतं, जास्त करून प्लेटलेट, आणि तेही तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे आई छान जेवतेय, मालिका बघतेय आणि आत आकडा घसरलेला. म्हणून पुढच्या केमोआधीचा सीबीसी, म्हणजे रक्ताच्या काउंटची तपासणी, चुकवायचा नाही, प्लेटलेट लाखाच्या खाली असतील तर तारीख पुढे जाईल, त्यावर वाद घालू नका. हिरड्यातून रक्त, पायावर बारीक लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी फोन करा. आणि औषध चालू असताना तळहात खाजले, लाल झाले तर ‘डास चावला असेल’ म्हणून गप्प बसू देऊ नका आईला, लगेच सिस्टरला हाक मारा. कार्बोची ही ॲलर्जी पहिल्या वेळी क्वचित येते, बरेच डोस झाल्यावर येते. बोटं बधिर होणं मात्र जास्त करून पॅक्लिटॅक्सेलचं, तेही सांगून ठेवा.

बाकी काकांचा टीव्ही हल्ली फार मोठ्याने असतो का हो? दारावरची बेल ऐकू येत नाही, कानात शिट्टी वाजते असं काही? वयानेही असेल, पण सिसप्लॅटिन बारीक, उंच आवाज आधी नेतं आणि ते सहसा परत येत नाहीत. त्यांची एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, आणि जाताना केमोचा जुना कागद सोबत न्या.