बाबा ५२ व्या वर्षी गेले, माझं काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय ४१. राहायला नागपूरच्या महाल भागात, इतवारीत कापडाचं दुकान आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर बसणं. वडील ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेव्हापासून आई माझ्या ताटावर नजर ठेवून असते. दारू नाही, सिगारेट नाही. खर्रा मात्र दिवसाला तीन-चार होतात. रविवारी तर्री-पोहा, अधूनमधून सावजी. मागच्या महिन्यात ईसीजी काढला, नॉर्मल आला. कोणतं तेल वापरू आणि जिमचं वर्षाचं पॅकेज घेऊ का, एवढं सांगा. सगळे म्हणतात चालायला जा, पण नागपूरच्या उन्हात चालायचं कधी?
— एक वाचक, महाल

उत्तर : तेलाचं सांगतेच, पण आधी खर्ऱ्याचं बोलू द्या. ‘व्यसन काही नाही मॅडम, फक्त खर्रा’ हे वाक्य ओपीडीत इतक्यांदा कानावर येतं की आता मी वय आणि वजनाच्या आधी तेच विचारते. भाऊ, पानठेल्यावर पन्नीत घोटून देतात त्यात सुपारीबरोबर तंबाखू आणि चुना असतो. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतून झपाट्याने रक्तात उतरतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. दिवसातून चारदा, वर्षानुवर्षं. धूर निघत नाही म्हणून हृदयाला सूट मिळत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती आहेच.

सोडायचा तर तारीख ठरवून सोडा. दुकानात खर्रा आणून देणाऱ्या पोऱ्याला आजच सांगा की उद्यापासून येऊ नको, आणि गल्ल्यातली पुडी काढून तिथे बडीशेप-लवंग ठेवा. मीठी सुपारी नको, तीही सुपारीच. पहिले काही दिवस डोकं दुखेल, गिऱ्हाइकावर चिडचिड होईल. ते निकोटिन सुटल्याचं लक्षण आहे, ओसरतं. जमत नसेल तर १८००-११२-३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा, तिथे समुपदेशक बोलतात. गरज पडली तर औषधंही देता येतात.

आता वडिलांचं. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर आम्ही तो घरचा धोका धरतो. तुमच्या बाबतीत तो आहे, म्हणून एका नॉर्मल ईसीजीवर निर्धास्त राहू नका. ईसीजी त्या घडीचं हृदय दाखवतो. रक्तवाहिनीत चरबी साचायला लागली असली तरी तो साफ नॉर्मल येऊ शकतो. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) एवढं करून घ्या आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली, तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून टाळू नका.

कंबरही मोजा. पॅन्टच्या नंबरवर जाऊ नका. पॅन्ट आपण पोटाखाली घालतो. टेप बेंबीच्या पातळीवर धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही मर्यादा. बायकांसाठी ८०. वहिनींचीही मोजा. टेप तर दुकानातच आहे.

चालण्याचं म्हणाल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झाला तरी झालं, आणि तो दहा-दहा मिनिटांत तोडला तरी चालतो. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत आटपा. त्यासाठी गाडी काढून फुटाळ्याला किंवा सेमिनरी हिल्सला जायलाच हवं असं नाही, महालातले रस्ते त्या वेळी मोकळे असतात. चालताना छातीत जड वाटलं किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर थांबा आणि तपासून घ्या. जिम नंतर, आधी हे दोन-तीन महिने टिकू द्या. आणि दुकानात दर अर्ध्या-पाऊण तासाने गादीवरून उठा. वरच्या फळीवरचे तागे नोकराला सांगण्याऐवजी स्वतः काढा.

तेलात ब्रँडपेक्षा माप मोठं. घरात चार माणसं असतील तर महिन्याला दोन लिटरच्या आसपास भागवा. डालडा नको आणि तळलेलं तेल पुन्हा वापरू नका. तर्री-पोह्यात पोहे-चणे बिचारे निर्दोष आहेत, वर तरंगणारा तेलाचा लाल थर मात्र बाजूला काढायला सांगा. सावजी सणावाराला खा, रस्सा कमी घ्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपल्याकडचं जेवण हृदयाला फार चांगलं आहे, फक्त चटणीत मीठ जपून. मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅम, सपाट एक चमचा, त्यात लोणचं-पापडही धरलेले.

आईंना वाचून दाखवा असं एक. छातीच्या मध्यभागी दाब, तो डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, दम लागणं, यातलं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नका. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये नुसती मळमळ किंवा खूप थकवाही असू शकतो. अशा वेळी स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, लगेच १०८ ला फोन करा. बंद पडलेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो.